पाच फ्रँकांचे किती?

केंट बेक यांचं 'टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट: बाय एग्झाम्पल' हे २००२ सालचं पुस्तक मी वाचावं असं काही माझ्या पत्रिकेत नव्हतं. मी बी.कॉम., जन्म गेला बँकेच्या काउंटरवर. पण सवला राहणारा माझा पुतण्या प्रोग्रॅमिंग शिकतोय, आणि गावातल्या बायकांच्या बचत गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचं त्याने मनावर घेतलंय. "काका, यातलं पहिलं उदाहरण पैशांचंच आहे," असं म्हणून त्याने ते माझ्या गळ्यात मारलं.

पुस्तकाची रीत अशी, की आधी उत्तर लिहायचं, गणित मागाहून. पाच डॉलर दुणे दहा, ही तपासणी पहिली. प्रोग्रॅमच नसल्यामुळे ती नापास होते आणि लाल पट्टी येते. मग काहीही करून पट्टी हिरवी करायची. उत्तराच्या जागी सरळ दहा लिहून ठेवलं तरी चालतं! (आमच्या गणिताच्या मास्तरांनी याला निराळं नाव दिलं असतं.) पुढे ही लबाडी बेक एकेक पायरीने काढून टाकतात आणि दर पायरीला सगळ्या तपासण्या पुन्हा चालवतात. इथे मी मनोमन हात जोडले. आम्ही कॅश जुळवतो संध्याकाळी एकदा; हे गृहस्थ दर दोन मिनिटांनी जुळवतात.

त्यासाठी सगळं एका हुकमात व्हायला हवं. पुतण्या सी भाषेत लिहितो, म्हणून त्याने 'मेक' घेतलं. बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली केलेलं हे अवजार जी फाइल बदलली तेवढ्यापुरतंच काम पुन्हा करतं. हुकमाची ओळ मात्र टॅबनेच सुरू व्हायला हवी, स्पेस चालत नाही. आमच्या आजीचं सोवळं परवडलं!

आता तक्रार. बेक यांच्या उदाहरणात दोन फ्रँकांना एक डॉलर, आणि बेरजेला घेतात दहा फ्रँक. पाच का नाहीत? कारण रक्कम पूर्णांकात आहे. पाच फ्रँकांचे दोनच डॉलर होतात. अर्धा डॉलर गेला कुठे? सुरुवातीच्या यादीत राऊंडिंगची नोंद आहे, प्रश्नचिन्हासकट. तिचा निकाल काही लागत नाही. शिकवण्यापुरतं उदाहरण आहे, कबूल. पण नवशिका उदाहरणाचीच नक्कल करतो. पुतण्याने हजार रुपयांवर दोन टक्के घेतले, वीस रुपये आले, पट्टी हिरवी! मी म्हटलं, साडेसातशेवर दीड टक्का घे. उत्तर आलं अकरा.

"पंचवीस पैसे कुठे गेले रे?"

"काका, ते नाणं २०११ सालीच बंद झालं."

नाणं बंद झालं, हिशेब नाही. वीस बायका, बारा महिने, म्हणजे साठ रुपये. आणि बैठकीत सगळ्या बघणार वही ठेवणाऱ्या बाईकडे.

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. बेक यांचे दहा फ्रँक मला असे मे महिन्यातले वाटतात.

पुतण्याने आता सव्वाअकरा रुपयांची तपासणी यादीत सगळ्यात वर घातली आहे, आणि सगळा हिशेब पैशांत ठेवायचं ठरवलंय. पट्टी अजून लाल आहे. गटाची बैठक दहा तारखेला.