ख्रिस्तस्वरूपविचार

येशू हा देव की मानव, ह्या प्रश्नाविषयी आद्य ख्रिस्ती समाजात झालेला विचार. येशूचे देवत्व निसीया येथील धर्मपरिषदेने (३२५) प्रथम ठरविले, हे प्रचलित मत टिकण्यासारखे नाही. कारण पॉलच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातच (पहिल्या शतकाचा मध्य) ख्रिस्त देवस्वरूपी असून दास झाला, अशी धारणा आढळते. उलट, एबिओनी पंथीय त्यास मनुष्यच मानीत, तर देहाभासवादी त्याचा देह मिथ्या समजत. कॅल्सिडॉनच्या परिषदेने (४५१) तो पूर्ण देव व पूर्ण मानव असल्याचा निर्णय दिला.

हाच सिद्धांत टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राचोल येथे छापलेल्या (१६१६) आपल्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणातून मराठीत आणला. देवाने मनुष्य होणे पुराणाच्या श्रोत्यास नवे नव्हते; नवे होते ते त्याचे खरे दुःख. व्याधाचा बाण लागूनही श्रीकृष्णाचे निजधामगमन लीलाच ठरते. साहजिकच पुराणाचा साचा येशूच्या मनुष्यत्वालाही लीलेची छटा देतो व देहाभासवादाला नकळत वाट करून देतो. ग्रंथाच्या ‘दुसऱ्या पुराणा’तील क्लेशभोगाची विस्तृत कथा ही वाट अडविते, म्हणून स्टीफन्सची कसोटी येशूच्या जन्मकथेत नव्हे, तर क्रुसावरील मरणाच्या वर्णनात लागते.