ज्योत नाही, पण आग आहे

कोरेगावला सातारा-पंढरपूर रस्त्यालगतच्या एका गॅरेजात ट्रॉलीचा गंजलेला नट सोडवण्याचे काम चालले होते. पाना घसरत होता, रॉकेल सोडून झाले होते. एरवी अशा वेळी गॅसची टॉर्च पेटवतात. मिस्त्रींनी त्याऐवजी पिस्तुलासारखे एक विजेचे हत्यार उचलले, त्याच्या तोंडाचे तांब्याच्या तारेचे वेटोळे नटाभोवती धरले आणि खटका दाबला. अर्ध्या मिनिटात नट लाल झाला. जरा निवल्यावर तो पान्याने वळला. शेजारी रॉकेलचा डबा मात्र उघडाच होता. "याला ज्योत नाही साहेब, काही होत नाही," मिस्त्री म्हणाले. हत्याराबरोबर मिळालेल्या माहितीपत्रकातही तेच छापलेले होते.

हत्यार उत्तम आहे. तक्रार आहे ती त्या पत्रकातल्या विज्ञानाबद्दल. त्यात तीन विधाने आहेत: चुंबकशक्ती नट तापवते, लोखंड फुगते म्हणून नट सुटतो, आणि ज्योत नाही म्हणून धोका नाही. तिन्ही तपासून पाहू.

पहिले विधान. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतधारा निर्माण होते, हे फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवले. धातूच्या सलग तुकड्यातही अशा धारा भोवऱ्यासारख्या फिरतात आणि तो तापतो, हे फूको यांनी 1855 मध्ये दाखवले. त्यांना आवर्त धारा म्हणतात. म्हणजे नट तापतो तो स्वतःच्या अंगात फिरणाऱ्या विजेने. चुंबकीय क्षेत्र केवळ ऊर्जा पोचवते. घरच्या विजेची आवर्तने सेकंदाला 50 असतात. हे हत्यार ती हजारोंच्या घरात नेते. त्यामुळे लोखंडातील धारा पृष्ठभागाजवळच्या, सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीच्या थरात दाटतात. वाट अरुंद झाली की रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. हिशेब सोपा आहे. 50 ग्रॅम लोखंड 600 अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे 13,500 ज्यूल लागतात. 1,000 वॉटच्या हत्याराची निम्मी शक्ती जरी नटात उतरली, तरी 27 सेकंद पुरतात.

दुसरे विधान खरे आहे, पण अपुरे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून फुगवतात. 1,200 मिलिमीटर व्यासाची धाव 400 अंशांनी तापवली, तर तिचा व्यास पाचसहा मिलिमीटरने वाढतो. तोच नियम 12 मिलिमीटरच्या नटाला लावा. नट बोल्टपेक्षा 200 अंशांनी जास्त तापला, तरी व्यासात फरक पडतो अवघा 0.03 मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याने आटे मोकळे होत नाहीत. मात्र आट्यांमधला गंज ठिसूळ असतो. नट आणि बोल्ट कमीजास्त फुगले आणि आकसले की त्याची पकड तडकते. म्हणून नट पांढरा होईपर्यंत तापवण्याची गरज नसते. तापवणे, निववणे, हलवून पाहणे, हाच क्रम बरा.

तिसरे विधान सर्वांत घातक. आग लागण्यासाठी ज्योतच हवी असे नाही, पुरेसे तापमान हवे. रॉकेलची वाफ सुमारे 220 अंशांना आपोआप पेट घेऊ शकते आणि लाल झालेला नट 600 अंशांच्या पुढे असतो. नुकतेच रॉकेल सोडलेल्या नटावर हे हत्यार चालवणे म्हणजे आपणच भडका उडवण्यासारखे आहे. जस्ताचा मुलामा 420 अंशांना वितळतो. आणखी तापवल्यास निघणारा धूर छातीत जाऊ नये. कठीण केलेला पोलादी बोल्ट लाल होईपर्यंत तापवला, तर त्याची ताकद जाते आणि तो पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. बोटातली अंगठी सोन्याची असली, तरी तीही वाहकच. वेटोळ्याजवळ नेली की तिच्यातही धारा फिरणार. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर या हत्यारापासून लांबच राहावे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. दहावीत धारेचा औष्णिक परिणाम आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तन आपण एकाच प्रकरणात शिकवतो, पण वेगवेगळ्या दिवशी. पहिल्याचे उदाहरण शेगडी, दुसऱ्याचे जनित्र. दोन्ही एकाच नटात एकत्र येतात, हे सांगायचे राहून जाते. आपले कितीतरी विद्यार्थी पुढे आयटीआयत आणि गॅरेजांत जातात. माहितीपत्रकावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यांना तिथे स्वतःच ठरवावे लागते.

वर्गात एवढे करा. ॲल्युमिनियमची नळी उभी धरून तिच्यातून एक जोरदार चुंबक सोडा, मग त्याच आकाराचा लोखंडी तुकडा सोडा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरीही तो रेंगाळत खाली येतो. का, ते मुलांना विचारा. नळीत फिरणाऱ्या धारांपर्यंत ती पोचली, की चुंबकाची गमावलेली ऊर्जा कुठे गेली, हा पुढचा प्रश्न टाका. उत्तर आहे नळी किंचित तापण्यात. तिथून गॅरेजातला नट दूर नाही.