ऑन द वॉटरफ्रंट
अमेरिकन कृष्णधवल चित्रपट (१९५४). दिग्दर्शक इलिया कझॅन; पटकथा बड शुलबर्ग. गोदी-कामगार संघटनेच्या गुंड पुढाऱ्यांविरुद्ध साक्ष देणाऱ्या टेरी मलॉय या माजी मुष्टियोद्ध्याची ही कथा. मार्लन ब्रँडोच्या अभिनयासह चित्रपटास ८ ऑस्कर पारितोषिके लाभली. काही प्रेक्षकांना तो सदसद्‌विवेकाचा विजय वाटतो. कझॅनने १९५२ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे जुन्या साम्यवादी सहकाऱ्यांची नावे सांगितल्यामुळे काहींना तो त्या कृत्याचे समर्थन वाटतो. वस्तुतः खुन्यांविरुद्धची साक्ष आणि सहकाऱ्यांच्या राजकीय मतांविषयीची साक्ष यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि टेरीचा भाऊ मारला जातो, साक्षीनंतर परिचित तोंड फिरवितात, पाळलेली कबुतरेही मारली जातात. सत्यकथनाची ही किंमत न लपविल्याने चित्रपट त्या वादापलीकडेही टिकून राहिला आहे.