तीन तावदानांची खिडकी : एक परीक्षण

पुस्तकांची, नाटकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. पण नळ, कडी, बाक, खिडकी या रोज हाताळायच्या वस्तूही कुणीतरी विचार करून आखलेल्या असतात. त्यांचे परीक्षण मात्र कुणी करत नाही. ‘ती अशीच असते’ असे म्हणून आपण वापरत राहतो. या लेखात आम्ही अशा एका वस्तूचे परीक्षण करणार आहोत. वस्तू आहे रेल्वेच्या डब्याची सरकती खिडकी, आणि नमुना म्हणून घेतली आहे जपानमधल्या ‘मोहा ६३’ या उपनगरी विद्युत गाडीची खिडकी. ही गाडी आता धावत नाही. तरीही तिच्या खिडकीतून शिकण्यासारखे बरेच उरले आहे.

खिडकी कशी होती?

मोहा ६३ जातीचे डबे १९४४ पासून बांधले गेले. महायुद्धाचा काळ होता. लाकूड, लोखंड, तांबे, काच, सगळ्याचीच टंचाई होती आणि कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांची गर्दी वाढत होती. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त माणसे नेणारा डबा हवा होता. वीस मीटर लांबीचा, प्रत्येक बाजूला चार दारे असलेला हा डबा त्या गरजेतून आला.

त्याची खिडकी एकावर एक अशा तीन तावदानांची होती. वरचे आणि खालचे तावदान खोबणीतून वर-खाली सरके. मधले पक्के बसवलेले होते.

ही रचना अविचाराने केलेली नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. मोठी अखंड काच मिळवणे कठीण होते; लहान काचा मिळत आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येई. हवेच्या दृष्टीने तर ही खिडकी चांगलीच होती. माणसांनी खच्चून भरलेल्या डब्यात गरम हवा वर चढते. वरची फट उघडी असेल तर ती बाहेर जाते आणि खालच्या फटीतून गार हवा आत येते. एकाच जागी मोठे भोक ठेवण्यापेक्षा वर आणि खाली अशी दोन भोके ठेवल्याने हवा जास्त चांगली खेळते. वर्गात हे सहज दाखवता येईल. एका खोक्यात वर आणि खाली एकेक भोक पाडा, आत जळती उदबत्ती ठेवा आणि धुराची वाट पाहा. मग खालचे भोक बंद करून पुन्हा पाहा.

काच वाचवणे आणि हवा खेळवणे या दोन कसोट्यांवर खिडकी उत्तीर्ण झाली. तिसरी कसोटी कुणी लावलीच नव्हती.

२४ एप्रिल १९५१

योकोहामा शहरातल्या साकुरागिचो स्थानकाजवळ त्या दिवशी दुपारी डोक्यावरच्या विद्युत तारांचे काम चालू होते. कामगाराच्या हातातला पाना निसटला, तारांमध्ये शॉर्टसर्किट झाले आणि तार तुटून लोंबू लागली. स्थानकात शिरणाऱ्या पाच डब्यांच्या गाडीचा पँटोग्राफ त्या तारेत अडकला. ठिणग्या उडाल्या आणि पहिल्या डब्याच्या छपराने पेट घेतला. छप्पर लाकडी होते, वरचा रंग ज्वालाग्राही होता. वीजपुरवठा ताबडतोब तुटायला हवा होता. तो काही मिनिटे चालूच राहिला.

दारे हवेच्या दाबावर चालणारी होती, ती उघडेनात. दाब सोडून दार हाताने सरकवता यावे म्हणून एक तोटी बसवलेली होती, पण ती कुठे आहे हे प्रवाशांना कुणी सांगितले नव्हते आणि तिथे पाटीही नव्हती. पुढल्या डब्यात जाण्याचे टोकाचे दार गर्दीच्या रेट्यात उपयोगी पडले नाही. उरल्या खिडक्या. त्यांचे तावदान पूर्ण सरकवले तरी सुमारे २९ सेंटिमीटर उंचीची फट मिळे. पहिला डबा पूर्ण जळाला. १०६ माणसे मृत्युमुखी पडली.

परीक्षकाने इथे न्यायबुद्धी सोडता कामा नये. या मृत्यूंना खिडकी एकटी जबाबदार नव्हती. तार, छप्पर, वीज न तोडणारी यंत्रणा, पाटी नसलेली तोटी, अशी ती साखळी होती. पण साखळीच्या शेवटच्या कडीला, जिथे माणूस आणि मोकळी हवा यांच्यात फक्त एक काच होती, तिथे ही खिडकी उभी होती. म्हणून तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

बेरीज कुठे चालते, कुठे नाही

खिडकीच्या चौकटीचे तीन समान भाग धरा. वरचे आणि खालचे तावदान सरकवले की एक तृतीयांश आणि एक तृतीयांश, म्हणजे दोन तृतीयांश खिडकी उघडते. हवेसाठी हे गणित बरोबर आहे, कारण हवा दोन्ही फटींतून वाहते आणि दोन्हींची बेरीज होते. माणसाचे तसे नाही. तो अर्धा वरच्या फटीतून आणि अर्धा खालच्या फटीतून बाहेर पडू शकत नाही. त्याच्यासाठी सर्वांत मोठी एकसंध जागा किती, एवढाच प्रश्न असतो, आणि उत्तर आहे एक तृतीयांश.

आता मधले तावदानही सरकते केले आणि तिघांना तीन स्वतंत्र खोबणी दिल्या तर? तिन्ही तावदाने एकमेकांमागे गोळा करता येतील आणि दोन तृतीयांश जागा एकसंध मोकळी होईल. काच तेवढीच, चौकट तेवढीच, पण माणसाला मिळणारी वाट दुप्पट. फरक पडला तो एक खोबण वाढवल्याने. टंचाईच्या काळातही हे परवडले असते, असे आम्हाला वाटते. ते झाले नाही याचे कारण सामानाची कमतरता असण्यापेक्षा तसा प्रश्नच न विचारला जाणे हे असावे.

कुणी म्हणेल, २९ सेंटिमीटरमधून सडपातळ माणूस आडवा होऊन निघू शकतो. खरे आहे. पुठ्ठ्यात तेवढ्या उंचीची फट कापून ती जमिनीपासून हातभर उंच धरा आणि विद्यार्थ्यांना एकेक करून त्यातून जायला सांगा. बरेच जण जातील. पण घड्याळ लावून पाहा. समजा, एकाला दहा सेकंद लागली, तर मिनिटाला एका खिडकीतून सहा माणसे. डब्यात दीडशे माणसे आहेत आणि हाताशी दोन-तीन मिनिटे आहेत, असे धरून किती खिडक्या लागतील ते मुलांनाच काढू द्या. ‘जाता येते का’ आणि ‘मिनिटाला किती जणांना जाता येते’ हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

अडकणारी झडप

तीन तावदानांच्या रचनेत आणखी एक दोष संभवतो. तो कोणत्याही वर-खाली सरकणाऱ्या झडपेला लागू आहे. टेबलाचा रुंद ड्रॉवर एका टोकाला धरून ओढला की तो तिरका होऊन अडकतो, हे सर्वांनी अनुभवले असेल. झडपेचेही तेच होते. एका टोकाला जोर लावला की तिचा एका बाजूचा वरचा आणि दुसऱ्या बाजूचा खालचा कोपरा खोबणीवर दाबला जातो.

झडपेचे वजन हिशेबातून सोडून देऊ. लावलेले बल गुणिले त्याचे झडपेच्या मध्यापासूनचे अंतर, हे एक आघूर्ण. कोपऱ्यावरचा दाब गुणिले झडपेची उंची, हे त्याला तोलणारे आघूर्ण. घर्षण दोन्ही कोपऱ्यांवर होते. यावरून घर्षण आणि लावलेले बल यांचे गुणोत्तर निघते : घर्षणांकाची दुप्पट गुणिले मध्यापासूनचे अंतर, भागिले उंची. हे गुणोत्तर एक झाले की झडप अडकते. नंतर कितीही जोर लावा, घर्षण त्याच प्रमाणात वाढते आणि झडप हलत नाही.

उदाहरण घेऊ. झडप ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि जोर टोकाला, म्हणजे मध्यापासून ३० सेंटिमीटरवर लावला आहे. झडपेची उंची ९० सेंटिमीटर असेल तर अडकण्यासाठी घर्षणांक १.५ लागतो. इतका तो सहसा नसतो. उंची ३० सेंटिमीटर असेल तर ०.५ पुरतो. कोरड्या लाकडाचा लाकडावरचा घर्षणांक साधारण ०.२५ ते ०.५ असतो. पावसाने लाकूड फुगले, खोबणीत धूळ बसली की मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे उंच झडपेचे तीन बुटके तुकडे केले की प्रत्येक तुकडा अडकण्याची शक्यता वाढते. शांतपणे दोन्ही हातांनी उघडणाऱ्याला हे जाणवणार नाही. घाबरून एका हाताने ढकलणाऱ्याला जाणवेल.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीची किंमत

अपघातानंतर जपानी रेल्वेने मधले तावदानही सरकते केले. दारांच्या तोटीजवळ ठळक पाट्या लावल्या, एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट सुधारली, छपराचा धोका कमी केला. सुधारलेल्या डब्यांना ‘७३’ हा नवा क्रमांक मिळाला.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. ३ मे १९६२ रोजी टोकियोतील मिकावाशिमा येथे गाड्यांची टक्कर झाली. प्रवाशांनी आता माहीत झालेल्या तोट्या फिरवल्या, दारे उघडली आणि ते रुळांवर उतरले. त्यांच्यावर दुसरी गाडी आली. त्या अपघातात १६० माणसे गेली. पाट्या लावणे चूक होते असा याचा अर्थ नाही. वाट उघडून दिली की त्या वाटेवरची पुढची गाडी थांबवण्याची सोयही हवी, एवढाच त्याचा अर्थ आहे. एक सुधारणा केली की प्रश्नांची यादी पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते.

साकुरागिचोनंतर रेल्वेतून बाहेर पडलेल्यांत हिदेओ शिमा हे अभियंते होते. १९५५ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेली शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी धावू लागली. या गाडीच्या खिडक्या उघडतच नाहीत. हे विसंगत वाटेल, पण तसे नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरला तो दर चौरस मीटरला सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका असतो. ताशी २१० ला सुमारे २०८, म्हणजे बारापटीहून जास्त. अशा वेगात सरकती खिडकी ठेवणे योग्य नव्हे. मात्र खिडकी बंद केली की बाहेर पडण्याची जबाबदारी दारांवर, डब्यांमधल्या वाटांवर आणि न जळणाऱ्या सामानावर येते. ती कुणीच घेतली नाही तर काय होते, हे ११ नोव्हेंबर २००० रोजी ऑस्ट्रियातील काप्रून येथे दिसले. बोगद्यातून डोंगर चढणाऱ्या रेल्वेला आग लागली. दारे प्रवाशांना उघडेनात, खिडक्या न उघडणाऱ्या आणि सहजी न फुटणाऱ्या ॲक्रिलिकच्या. १५५ जण गेले. त्या गाडीतून वाचलेले बारा जण बर्फावरच्या खेळाच्या सामानाने खिडकी फोडून बाहेर पडले होते.

आपल्या डब्यात

आता ही कसोटी घरी लावू. आपल्या साध्या शयनयान आणि सर्वसाधारण डब्यांच्या खिडक्यांना काचेची झडप आणि पट्ट्यांची झडप असते, आणि बाहेरून आडवे गज. हवा येते, ऊन-पाऊस अडतो, चोराचा हात बऱ्याच अंशी थांबतो. माणूस मात्र बाहेर पडू शकत नाही. म्हणून मोजक्या खिडक्या गजांशिवाय ठेवून त्यांच्यावर ‘आपत्कालीन खिडकी’ असे लिहिलेले असते. मुंबईच्या साध्या लोकलमध्ये खिडकीवर हा भार फारसा पडला नाही, कारण दारे सताड उघडी. त्या उघड्या दारांनी आपली वेगळी किंमत वसूल केली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. दारांना हवेसाठी फटी, छपरावर हवा खेळवणारी यंत्रे आणि डब्यांमधून जाण्याच्या वाटा, अशा सोयीही त्यात सांगितल्या गेल्या.

या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण दार बंद झाले की गजांच्या खिडकीचा अर्थ बदलतो, हेही सांगितले पाहिजे. बंद दारे, तुडुंब गर्दी, वातानुकूलन नाही, आणि ज्यातून माणूस जात नाही अशी खिडकी : हे वर्णन योकोहामातल्या त्या डब्याशी फार जुळते. जाहीर झालेल्या सोयींत हवेचा विचार झालेला दिसतो. हवेचा विचार मोहा ६३ मध्येही झाला होता. दार हाताने उघडण्याची सोय कुठे असेल, तिची पाटी मराठीत आणि उभ्या गर्दीतूनही दिसेल अशी असेल का, गज नसलेल्या खिडक्या प्रत्येक डब्यात किती असतील, दार उघडल्यावर शेजारच्या रुळावरची गाडी कोण थांबवील, हे प्रश्न डबे बांधले जात असतानाच विचारायचे आहेत.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मुलांना शाळेच्याच एखाद्या खिडकीचे, दाराचे परीक्षण लिहायला सांगावे. ती रोज काय काम करते, हे मुले लगेच लिहितील. त्यापुढे एक ओळ कोरी सोडायला सांगावी : ज्या दिवशी बाकी सगळे बंद पडेल, त्या दिवशी ती काय काम करील? मोहा ६३ च्या आराखड्यात ही ओळ नव्हती.