यास्फे : एका रत्नाचा अर्थविचार

बायबलांतील शेवटचें पुस्तक 'प्रकटीकरण' हें रूपकांनीं इतकें दाटलेलें आहे कीं, त्यांतील एकेका शब्दावर भाष्यकारांनीं शतकानुशतकें वाद घातले. त्यांपैकीं 'इआस्पिस' या ग्रीक रत्ननामाचा विचार येथें योजिला आहे. मराठी बायबलांत यास 'यास्फे' म्हटलें आहे. शब्द लहान, पण एका भव्य कल्पनाचित्राचा अर्थ त्यावर अवलंबून आहे.

अडचण अशी कीं, आज 'जॅस्पर' म्हणून ओळखला जाणारा दगड गारेच्या जातीचा, अपारदर्शक आणि बहुधा तांबडा, पिवळा वा तपकिरी असतो. ग्रंथकार मात्र एकविसाव्या अध्यायांत स्वर्गीय नगरीच्या तेजास स्फटिकासारख्या स्वच्छ यास्फेची उपमा देतो. हा विरोध पाहून कित्येकांनीं हें रत्न म्हणजे हिराच असावा, असा तर्क केला. आम्हांस तो पटत नाहीं. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला रोमन पंडित प्लिनी आपल्या 'निसर्गेतिहासा'च्या ३७ व्या खंडांत इआस्पिस हिरवा व पुष्कळदां पारभासक असतो असें सांगतो. हिंदुस्थानांतला इआस्पिस पाचूसारखा दिसतो असेंही नमूद करितो. हिऱ्याचें वर्णन त्यानें निराळें केलें आहे. तात्पर्य, नांव टिकलें, वस्तु बदलली. 'सप्फैरोस'चीही हीच गत : प्राचीनांचा तो सुवर्णकणांचा राजावर्त होता, आजचा नीलमणि नव्हे.

वस्तूचा निर्णय झाला तरी प्रतीकाचा होत नाहीं. आठव्या शतकाच्या आरंभींचा इंग्लंडांतील विद्वान संन्यासी बीड यानें यास्फेच्या हिरवेपणांत कधीं न कोमेजणारी श्रद्धा पाहिली. कल्पना रम्य खरी. पण ती दगडाच्या रंगावरून काढलेली आहे, ग्रंथांतील त्याच्या स्थानावरून नव्हे. रत्न आणि सद्गुण यांच्या जोड्या लावीत बसलें म्हणजे काव्याचें कोष्टक होतें.

स्थान पाहूं गेल्यास अर्थ आपोआप उलगडतो. चौथ्या अध्यायांत सिंहासनावर बसलेल्याचें दर्शन यास्फे आणि सार्दि यांसारखें आहे. एकविसाव्यांत तेंच यास्फे नगरीच्या तेजांत, नंतर तिच्या तटांत आणि अखेर बारा पायांपैकीं पहिल्या पायांत दिसतें. जें सिंहासनावरील रूप होतें, तें आतां वस्तीच्या भिंतींत उतरलें. जुन्या करारांत मुख्य याजकाच्या उरपटावर बारा रत्नें होतीं. तीं एकटाच धारण करी. येथें मंदिरच नाहीं, आणि रत्नें साऱ्या नगरीखालीं आहेत. तट म्हटला कीं अडविणें आलें. पण हा तट तेजाचा आणि त्याच्या वेशी कधीं बंद न होणाऱ्या! आमच्या मतें यास्फेचें मर्म येथें आहे : एकाच्या ठायीं असलेलें तेज सर्वांच्या निवाऱ्याचें व्हावें.

आतां मराठी भाषांतराविषयीं दोन शब्द. भाषांतरकारांनीं कांहीं नांवें जशींच्या तशीं ठेविलीं, तर कांहींच्या जागीं पाचू, गोमेद, लसणा अशीं आपलीं परिचित रत्नें घातलीं. वाचनाची सोय झाली खरी. परंतु नवग्रहांच्या अंगठ्या पाहिलेल्या वाचकास गोमेद म्हणतांच राहू आणि लसण्या म्हणतांच केतु आठवतो, व ग्रंथांत नसलेली ग्रहपीडा त्यांत शिरते. परिचित शब्द नेहमींच सुबोध असतो असें नाहीं. 'यास्फे' हा शब्द मात्र परका राहिला आणि म्हणूनच निर्दोष राहिला. हिंदी बायबलांतील 'यशब' हाही त्याच प्राचीन शब्दकुळांतला. अशा शब्दास अर्थ बाजारांतून आणावा लागत नाहीं. तो ग्रंथांतूनच घ्यावा लागतो. अनोळखी शब्दापुढें वाचकानें क्षणभर थांबावें, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.