'हिट पॉइंट' : एका संज्ञेचा अर्थविचार

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाखेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांच्या नावे १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसून, फासे टाकून, परंतु मुख्यतः बोलून खेळावयाच्या ह्या खेळात प्रत्येक पात्राच्या नावे काही 'हिट पॉइंट' लिहिलेले असतात. शत्रूचा वार लागला की फाशाने ठरेल तितके वजा होतात. शून्य उरले की पात्र पडते. हे अंक मोजतात तरी काय, ह्याविषयी खेळाडूंत दीर्घकाळ वाद चालू आहे. हा वाद मुळात शब्दशक्तीचा आहे, आणि तो तसा न ओळखल्यामुळेच त्याची प्रचलित उत्तरे अपुरी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम संज्ञेचे मूळ पाहू. गायगॅक्स व जेफ पेरेन ह्यांच्या 'चेनमेल' (१९७१) ह्या युद्धखेळात सामान्य सैनिक एका वारात मरत असे. सैन्याऐवजी एकेक पात्र चालवू लागलेल्या खेळाडूला असे मरण मानवणारे नव्हते. आर्नेसनने पुढे सांगितल्याप्रमाणे, अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांसाठी आपण केलेल्या नियमांतून त्याने ही कल्पना उचलली. जहाजाच्या बाबतीत समासाचा विग्रह सरळ आहे : जितके आघात सोसेल तितके अंक. परंतु जहाजाचा पत्रा प्रवासाने जाड होत नाही. ह्या खेळातील वीराचे अंक मात्र अनुभवाबरोबर वाढत जातात. येथेच संज्ञेचा वाच्यार्थ डळमळतो.

गायगॅक्सने १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये स्वतःच दिलेले उदाहरण घ्यावे. दहाव्या पायरीवरील अत्यंत धडधाकट योद्ध्याचे अंक सरासरीने ९५ होतात. माणसाएवढ्या शत्रूवर लांब तलवारीचा साधा वार फार तर ८ अंक नेतो. म्हणजे असे किमान १२ वार झाल्यावाचून हा गडी पडावयाचा नाही. हे अंक म्हणजे रक्तमांस होय, असे कोणीही म्हणू धजणार नाही. गायगॅक्सही तसे म्हणत नाही. त्यांतील थोडेच अंक देहाचे. उरलेले कौशल्याचे, दैवाचे व दैवी संरक्षणाचे, असा त्याचा खुलासा आहे. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटल्यावर प्रवाह हा अर्थ बाधित होतो आणि तीर हा अर्थ घ्यावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

परंतु तीर हा अर्थ घेतल्यावर बाकीच्या वाक्याने त्याच्याशी जुळते घेतले पाहिजे. येथे तसे होत नाही. वार 'लागतो', 'इजा' होते, आणि गेलेले अंक परत आणणाऱ्या मंत्राचे नाव 'किरकोळ जखमा बऱ्या करणे' असे आहे. १९७८च्या नियमांत हा मंत्र १ ते ८ अंक परत देतो. मरणाच्या दारी टेकलेला नवशिका ह्या एका मंत्राने ठणठणीत होऊ शकतो; आणि ज्याला केवळ ओरखडे आले आहेत असे खुलासा सांगतो, त्या महावीराला डझनभर मंत्रही पुरत नाहीत. दैव संपले असता जखमेवर मंत्र कशाला? विषारी नांगीचेही तसेच : नांगी 'लागली' असेल तर कातडे फुटलेच पाहिजे. गायगॅक्सचा खुलासा जे नाकारतो ते योग्यच नाकारतो. जे प्रतिपादतो ते त्याच्याच शब्दकोशात बसत नाही.

माझ्या मते ह्या अंकाला कथेच्या जगात अर्थच नाही. तो कथनाच्या पातळीवरील अंक आहे. शेवट अजून किती दूर आहे, एवढेच तो सांगतो. खेळाडूंचे बोलणे ऐकावे. 'मी त्याच्यावर वार करतो' ह्यातील 'मी' म्हणजे पात्र. 'माझे सात उरले' ह्यातील 'मी' म्हणजे खेळाडू. पुरुषवाचक सर्वनाम एकच, बोलणारा एकच, परंतु वाक्ये दोन भिन्न जगांतली. व्याकरण ही सीमा दाखवीत नाही, आणि सारा घोटाळा तेथून उद्भवतो. दर १० फुटांच्या पतनास एक सहा बाजूंचा फासा, ह्या नियमाने ६० फुटांवरून पडल्यास फार तर ३६ अंक जातात. ९५ अंकांचा वीर मग कड्यावरून खुशाल उडी घेतो! खेळाडूचे ज्ञान पात्राच्या धैर्यात पाझरले, एवढाच ह्याचा अर्थ.

इतरांनी ही अडचण निराळ्या वाटेने टाळली. 'ट्रॅव्हलर'मध्ये (१९७७) इजा थेट शक्ती, चपळता व सहनशक्ती ह्यांतून वजा होते. 'रूनक्वेस्ट'मध्ये (१९७८) हाता-पायांचे अंक वेगळे असून ते अनुभवाने फुगत नाहीत. तेथे शब्द व अर्थ जुळतात खरे, पण एका दुर्दैवी फाशाने नायकाचा पाय तुटतो. मूळ खेळाच्या २००८च्या चौथ्या आवृत्तीत सेनानी नुसत्या प्रोत्साहनाच्या शब्दांनी अंक परत देऊ लागला. गायगॅक्सच्या खुलाशाशी ही सर्वांत प्रामाणिक योजना. तरी ओरडून जखमा भरतात काय, म्हणून अनेक खेळाडूंनी तिची थट्टाच केली. वाच्यार्थाची पकड किती चिवट असते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

मराठीत प्रतिशब्द योजावयाचा झाल्यास 'प्राणांक' कानाला गोड लागेल, पण तो वाद देहाच्या बाजूने परस्पर निकालात काढतो. 'आघातांक' हा रुक्ष शब्द मला अधिक मान्य आहे. आघात कशावर होतो ते तो सांगत नाही.