बाप्तिस्म्यानंतरची पानं

मिशनरी कामातून श्रद्धा कशी बळावली, हे सांगणाऱ्या गोष्टींचा एक साचा असतो. मॉर्मन चर्चमधले तरुण मुलगे दोन वर्षं मिशनवर जातात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी आणि बरोबर एक जोडीदार. त्यांच्या आठवणी वाचायला घेतल्या की गोष्ट लवकरच ओळखीची वाटायला लागते. दिवसभर दारं बंद होतात, पाय दुखतात आणि अगदी शेवटच्या दारामागे कुणीतरी त्यांचीच वाट पाहत असतं. म्हणजे देव होताच!

मराठी ख्रिस्ती माणूस अशा कथनाला ‘साक्ष’ म्हणतो. मला हा शब्द आवडतो, कारण तो कोर्टातलाही आहे. पण कोर्टात साक्षीनंतर उलटतपासणी होते. इथे साक्ष झाली की सगळे ‘आमेन’ म्हणून उठतात. म्हणून अशी पुस्तकं वाचताना मी एकच गोष्ट शोधतो : साक्ष देणाऱ्याने उलटतपासणी करणाऱ्यालाही आत घेतलं आहे का?

बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ हे मराठीतलं अशा प्रकारचं मोठं पुस्तक. बेळगावात वाढलेल्या बाबांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुस्तक आलं १८८४ साली. मधे तीस वर्षं गेली. तोवर लेखकाला शेवट पक्का ठाऊक झालेला होता. पुस्तकात शंका आहेत, वाद आहेत, घरच्यांपासून तुटण्याचं दुःखही आहे. पण उजाडणार हे नावातच सांगून टाकल्यामुळे रात्रीची भीती वाटत नाही.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तर साच्यात घालून काढल्यासारखी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक अनोळखी युरोपियन भेटतो, हातात ‘नवा करार’ ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून जातो. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. साक्षीला आणखी काय हवं?

हवी असते लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालं आणि त्यात हीच गोष्ट घराच्या आतून दिसते. नवऱ्याला देव सापडला, पण बायकोच्या पायाखालची जमीन गेली. पुढची काही वर्षं ती दोघं वेगळी राहिली. ती परत आली तेव्हाही आपलं सोवळं घेऊनच आली. ज्या घरात वडील धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावत, त्या घरातली ही मुलगी. कवी असलेला, तापट, वाटेल त्याला वाटेल ते देऊन टाकणारा नवरा तिला वादात जिंकू शकला नाही. तिने स्वतःशीच विचार केला : जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाल्यावर तिने ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी, मग धर्म. तिची श्रद्धा चमत्काराने वाढली नाही. ती वाढली पाण्याच्या भांड्यापाशी, रोज, सगळ्यांच्या देखत. शिवाय हे सांगताना ती नवऱ्याला संत करत नाही आणि स्वतःला शहाणीही म्हणवत नाही. उलटतपासणी घेणारी साक्षीदार तीच आहे. एक उणीव मात्र मला जाणवते. प्रार्थनेच्या अगदी जवळ आलं की ती बरेचदा विनोद करून पुढे सरकते, आणि आपण दाराबाहेर राहतो.

साच्यातल्या गोष्टी बाप्तिस्म्याशी संपतात. टिळकांची तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग साताऱ्यात घडला. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही चालणार होते. बावीस वर्षांपूर्वी स्वतः ओलांडलेली रेघ त्यांनी इतरांसाठी फिकी करून टाकली. १९१९ साली ते गेले आणि प्रयोग अपुरा राहिला. पण साक्षीदार एवढ्या वर्षांनी परत पिंजऱ्यात येऊन आपली साक्ष वाढवतो, हे मला आगगाडीतल्या भाकितापेक्षा मोठं वाटतं.

कृष्णेच्याच काठाने खाली सांगलीकडे गेलं की याची दुसरी बाजू दिसते. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांचं मिरजेतलं इस्पितळ उभं राहिलं. त्यांनी आपल्या कामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. डॉक्टरांची साक्ष आपल्यापाशी आहे. खाटेवरच्या माणसाची नाही. तो बरा होऊन घरी गेला असेल, देव्हाऱ्यात तेच देव असतील आणि तरीही मनात काहीतरी हललं असेल. त्याचं कुणी पुस्तक केलं नाही. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. तिथला स्टॉप सांगताना त्या नावामागचा माणूस कितीजणांना आठवतो?

आज धर्मांतराचा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक विचारतो, आमिष काय होतं? दुसरा विचारतो, किती आत्मे आले? दोघांनाही निकाल हवा आहे, माणूस नको. आणि आपण वाचकांनी तिसरीच चूक केली आहे. मला शाळेत भेटलेल्या लक्ष्मीबाई फक्त विनोदी होत्या; त्या उताऱ्यात देव कुठेच नव्हता. श्रद्धा काढून टाकलेलं ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे पाणी काढून टाकलेली विहीर. खोली दिसते, तहान भागत नाही.

ते मोबाइलवर वाचलं तरी चालेल, पण उतारा नको, सगळं वाचा. बाप्तिस्म्यापाशी थांबू नका. पुढच्या पानांवर ती दोघं अजून भांडताहेत, अजून शिकताहेत.